अंब्रेला पामची टोकं दर उन्हाळ्यात जळतात? आधी टपातलं पाणी मोजा

होळी झाली की आमच्या गच्चीतल्या अंब्रेला पामची टोकं तपकिरी व्हायला लागायची. गुढीपाडव्याला प्रत्येक छत्रीच्या काड्या अर्ध्या वाळलेल्या, अक्षय्य तृतीयेला सगळं झाड खराट्यासारखं. आणि जून संपता संपता, मी काहीही न करता, बुडातून पोपटी कोंब वर यायचे. सलग चार वर्षं हेच चाललं होतं. चारही वर्षं मी उन्हाला दोष दिला आणि चारही वर्षं पाणी वाढवलं. त्या वाढवलेल्या पाण्यातले क्षारच झाडाला जाळत होते, हे पाचव्या वर्षी कळलं.

ज्यांच्याकडे पुण्यात हे झाड बिनभोकाच्या टपात आहे आणि ज्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. झाड जमिनीत असेल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. खाली लाल कोळी या किडीबद्दल आणि पिवळेपणाबद्दल लिहिलंय, तेवढं बघा.

घाईत असाल तर एवढंच करा. टपातलं सगळं पाणी ओतून द्या. माती महापालिकेच्या नळाच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा आणि यापुढे दर आठवड्याला टप एकदा रिकामा करून ताजं पाणी भरा. जळालेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बघून उपाय लागू पडला की नाही ते ठरवू नका. दोन-तीन आठवड्यांनी येणारा नवा कोंब टोकापर्यंत हिरवा आहे का, ते बघा.

आता सविस्तर. कारण नुसतं एकदा धुतलं आणि कारण समजलं नाही, तर पुढच्या होळीला तुम्ही परत तिथेच.

पहिल्या वर्षी मी पाणी दुप्पट केलं. दुसऱ्या वर्षी पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट बांधली. त्याने टोकं पंधरा दिवस उशिरा जळाली, त्यामुळे उपाय बरोबर आहे, फक्त नेट आणखी दाट हवी, असा समज करून घेतला. (पंधरा दिवसांचा खुलासा पुढे येतो, आणि तो नेटवाल्याला आवडणार नाही.) तिसऱ्या वर्षी 'खत कमी पडतंय' या सल्ल्यावरून डीएपीचे दाणे टाकले. त्या वर्षी सर्वांत लवकर जळालं. चौथ्या वर्षी नर्सरीतून नवीन झाड आणलं. नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, याला मारायचं म्हटलं तरी मरत नाही. फक्त पाणी तोडू नका." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, अर्धं होतं.

या झाडाचं नाव पाम असलं तरी पामशी त्याचं काही नातं नाही. हे लव्हाळ्याच्या घराण्यातलं आहे. नागरमोथा याचा चुलतभाऊ. इजिप्तमध्ये ज्याच्या गाभ्याच्या पट्ट्या दाबून लिहायचा कागद करत, तो पपायरसही याच वंशातला. देठ बोटांत धरून फिरवा, विशेषतः छत्रीच्या लगेच खाली: गवतासारखा गोल लागत नाही, तीन बाजू जाणवतात. लव्हाळ्याच्या घराण्याची ही जुनी खूण. वर छत्रीच्या काड्यांसारखी जी पंधरा-वीस हिरवी पाती पसरतात, ती खरी पानं नव्हेत. ती फुलोऱ्याखालची छदं. खरी पानं देठाच्या बुडाशी नुसत्या तपकिरी आवरणापुरती उरलेली असतात. म्हणजे झाडाचं सगळं स्वयंपाकघर त्या छत्रीत आणि हिरव्या देठात आहे. टोकं जळाली की दिसायला वाईट एवढंच होत नाही, झाडाचं पोटही मारलं जातं.

नर्सऱ्यांमध्ये याला बहुतेक वेळा सायपरस अल्टर्निफोलियस म्हणतात. तो मूळचा मादागास्करचा. बागांमध्ये सर्रास असतो तो सायपरस इनव्होल्युक्रेटस, मूळचा आफ्रिकेतला आणि अरबस्तानातला. दोघांच्या नावांचा घोळ जुना आहे आणि टपापुरता त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो दोघंही वाढतात कुठे याने: ओढ्याकाठी, नदीच्या कडेच्या दलदलीत, तळ्याच्या उथळ काठावर. पाय कायम ओले आणि डोकं उन्हात. देठाच्या आत स्पंजासारख्या हवेच्या पोकळ्या असतात, त्यातून वरची हवा खाली मुळांपर्यंत पोचते, म्हणून चिखलात मुळं कुजत नाहीत. ही माहिती मला होती. 'पाण्यातलं झाड' एवढंच मी त्यातून उचललं होतं. ओढ्यातलं पाणी येतं आणि जातं, हे 'जातं' माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

ते शिरलं एका मे महिन्यात, दुपारी. आमच्या सोसायटीच्या मागून एक ओढा जातो. ओढा म्हणायचं, खरं तर उन्हाळ्यात नालाच. कुणीतरी बागेतली छाटणी तिथे फेकली असणार आणि त्यातूनच हे झाड रुजलेलं. पुरुषभर उंच गचपण, भर उन्हात, सावली नाही, नेट नाही, कुणी खत घातलेलं नाही, आणि टोकापर्यंत हिरवंगार. माझ्या गच्चीपासून शंभर पावलांवर. तेच ऊन, तीच कोरडी हवा. सांडपाणी शुद्ध करायच्या पाणथळ वाफ्यांमध्ये कर्दळ आणि पाणकणसाबरोबर याच घराण्यातली झाडं लावतात, त्यामुळे घाण पाण्याचं त्याला वावडं नाही हे ठाऊक होतं. पण मग माझ्या स्वच्छ पाण्यातलं झाड का जळत होतं? ऊन हे कारण तिथेच बाद झालं.

घरी येऊन मी आईला विचारलं, "टपात रोज पाणी कुठलं घालतेस?"

"फिल्टरच्या मागच्या नळीचं," आई म्हणाली. "रोज दोन बादल्या मोरीत जातात. मी म्हटलं निदान झाडाला तरी घालावं. का रे?"

पुण्यात आरओच्या (पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून मागच्या नळीतून बाहेर सोडणाऱ्या फिल्टरच्या) टाकाऊ पाण्याची ही बादली घरोघरी आहे, आणि ती वाया घालवायला कुणाचंही मन होत नाही. माझंही झालं नसतं. पण त्या बादलीत काय असतं, ते एकदा बघायला हवं होतं.

दोन दिवसांनी आरओचा सर्व्हिसवाला आला, तेव्हा त्याच्याकडचा पेनासारखा टीडीएस मीटर मागून घेतला. सकाळी तासभर येणाऱ्या महापालिकेच्या नळाचं पाणी: ११०. टँकरचं, गच्चीवरच्या टाकीतून आलेलं: ६४०. आरओच्या मागच्या नळीचं: ८९०. मग टपात बुडवला. आकडा वर वर जात ३,९०० वर थांबला. तो म्हणाला, "साहेब, हे बोअरचं आहे की समुद्राचं?"

हे आकडे म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये. मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. क्षार कुठला, ते सांगत नाही. पण आपल्या कामाला तेवढं पुरतं. तुलनेसाठी, भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे टँकरचं पाणी माणसाला चाललं तरी टपाला चालेलच असं नाही, कारण माणूस पाणी बाहेर टाकतो. बिनभोकाचा टप टाकत नाही.

हिशेब असा. माझ्या टपात माती आणि मुळं सोडून साधारण १५ लिटर पाणी मावतं. एप्रिलच्या पुण्यातल्या कोरड्या दुपारी, काही पाण्याच्या पृष्ठभागावरून आणि काही झाडातून मिळून, रोज सुमारे २ लिटर उडून जातं. उडतं ते फक्त पाणी. आई रोज २ लिटर नव्याने घालते, त्यात लिटरला सुमारे ९०० मिलिग्रॅम क्षार. म्हणजे रोज १.८ ग्रॅम. टँकर सुरू होऊन तेव्हा ४० दिवस झाले होते. ७२ ग्रॅम. चहाच्या चमच्याने मोजलं तर मिठाचे बारा सपाट चमचे, १५ लिटरमध्ये. लिटरला ४,८०० मिलिग्रॅम आले पाहिजेत. त्यातला काही चुना टपाच्या काठावर पांढरा थर होऊन बसला होता, काही झाडाने घेतला असेल. मीटरचा ३,९०० हा आकडा चुकलेला नव्हता, हे पटायला मला कागदावर तीन ओळी पुरल्या. चार वर्षांत त्या तीन ओळी लिहायचं सुचलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मग सगळी कोडी एकामागोमाग सुटली. आई तर बारा महिने तेच पाणी घालते, मग झाड फक्त उन्हाळ्यात का जळतं? कारण इतर वेळी आरओला जाणारं पाणी खडकवासल्याचं, ११० च्या घरातलं. त्याचं टाकाऊ पाणी दीडशेच्या आसपास. निरुपद्रवी. धरणांचा साठा खाली गेला, पाणीकपात लागली, टँकर सुरू झाला की आरओला जाणारं पाणी बोअरचं होतं, आणि आपल्याकडच्या काळ्या खडकातून आलेलं बोअरचं पाणी जड असतंच. त्याच महिन्यांत पाणी सर्वांत जास्त उडतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी. जूनमध्ये झाड आपोआप सुधारायचं, कारण गच्ची उघडी आहे, टप पावसाने भरून वाहायचा आणि साचलेले क्षार काठावरून निघून जायचे. नेटने पंधरा दिवस दिले, कारण सावलीत पाणी कमी उडालं, आईने कमी घातलं, क्षार सावकाश साठले. डीएपी हा तर स्वतःच क्षार. आणि मी पाणी दुप्पट केलं त्या वर्षी दुप्पट क्षार ओतले.

टोकंच का जळतात, तेही यातच आहे. मुळांनी घेतलेलं पाणी देठातून चढून छदांच्या टोकांपर्यंत जातं आणि तिथून उडतं, विरघळलेलं मागे राहतं. साठत साठत टोकाच्या पेशी मरतात. शिवाय बाहेरचं पाणी खारं झालं की मुळांना ते ओढून घ्यायलाच जड जातं. झाड गुडघाभर पाण्यात उभं राहून तहानलेलं असतं.

तुमच्या टपात हेच चाललंय का, हे मीटरशिवायही बऱ्यापैकी ओळखता येतं. क्षारांनी जळतं ते टोकापासून, हळूहळू, नव्या-जुन्या सगळ्याच छत्र्यांवर, आणि तपकिरी भाग व हिरवा भाग यांच्यामध्ये बहुतेक वेळा पिवळसर पट्टी असते. पाणी तुटून वाळलं असेल तर अख्खी छत्री एका-दोन दिवसांत पेंढ्याच्या रंगाची होऊन लोंबते. फक्त जुने, बाहेरच्या बाजूचे देठ बुडापासून टोकापर्यंत पिवळे पडत असतील तर घाबरू नका, एका देठाचं आयुष्य तेवढंच असतं. तो कापून टाका. बाल्कनीत, छपराखाली टप असेल आणि पावसाळ्यातही टोकं जळतच राहत असतील, तर संशय आणखी पक्का, कारण तुमचा टप पाऊस धुतच नाही. टपाच्या काठावरचा पांढरा थर ही खूण आहे, पण एकट्या थरावर जाऊ नका. तो थोड्याशा चुन्यानेही येतो.

मीटर घ्यायचा असेल तर साधा पेनाचा घ्या, घरात एकदा आला की शेजारचेही मागून नेतात. माझी स्वतःची मोजपट्टी, फक्त माझ्या टपावरून ठरवलेली: हजारच्या आत असेल तर निवांत, दीड हजाराला टपातलं पाणी बदलायचं, त्याच्या वर गेलं तर त्याच दिवशी.

धुण्याची रीत. संध्याकाळी करा, दुपारी नको. टप आडवा करून सगळं पाणी काढा. झाड मुळांच्या गोळ्यासकट मोठ्या घमेल्यात ठेवता आलं तर उत्तम. वरून नळाचं पाणी सावकाश घाला, दहा मिनिटं मुरू द्या, ओतून द्या. असं तीनदा. पहिल्या खेपेचं पाणी चहाच्या रंगाचं निघेल. घमेलं भरून एकदम ओतलं तर पाणी कडेने निघून जातं आणि गोळ्याच्या मधले क्षार तसेच राहतात, म्हणून सावकाश. जळालेली टोकं कात्रीने कापायची असतील तर तपकिरी भागाचा दोराएवढा काठ ठेवून कापा. हिरव्यात कापलंत की तिथे नवी तपकिरी रेघ येते. पूर्ण गेलेले देठ पाण्याच्या पातळीच्या चार बोटं वर कापा, पाण्याखाली नाही. मघाशी सांगितलेल्या त्या पोकळ्यांतून हवा खाली जाते, खुंट पाण्यात बुडले की ती वाट बंद. सगळेच देठ वाईट असतील तेव्हा हे जास्तच सांभाळा.

खरा कायमचा उपाय म्हणजे टपाला निघायची वाट करणं. प्लास्टिकच्या टपाला बुडापासून दोन बोटं वर भोक पाडून अर्ध्या इंची टँक निपल (टाकीला बसवायचा नळीचा तुकडा) बसवा, बाहेरून एंड कॅप (त्याचं झाकण). आतून तोंडाशी जाड खडी, नाहीतर माती अडकते. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही मिळतं, प्लंबरची गरज नाही. आठवड्यातून एकदा कॅप काढायची, टप रिता होऊ द्यायचा, वरून एक बादली चांगलं पाणी सोडायचं, कॅप लावायची, भरायचं. पंधरा मिनिटांचं काम. सिमेंटचा किंवा चिनी मातीचा टप असेल आणि भोक पाडायचं धाडस होत नसेल, तर झाड भोकाच्या कुंडीत लावून ती कुंडी टपात ठेवा. कुंडी उचलायची, टप पालथा करायचा. फक्त भरलेली कुंडी उचलायला दोन माणसं लागतात, हे आधी लक्षात घ्या. मी घेतलं नव्हतं. चार दिवस कंबर धरून बसलो.

'चांगलं पाणी' उन्हाळ्यात आणायचं कुठून? रोजच्या भरण्याला काहीही वापरा, आरओचं टाकाऊसुद्धा, पण आठवड्याची धुलाई महापालिकेच्या नळाच्या पाण्याने करा. त्याला दोनच बादल्या लागतात आणि सकाळी पिण्याचं पाणी येतं तेव्हा भरून ठेवता येतात. हे गणित मी एक उन्हाळा करून पाहिलंय. टाकाऊ पाणी पूर्ण बंद केलं तर उत्तमच, पण घरात भांडण नको असेल तर एवढ्यावरही निभावतं.

एसीचं ठिबकणारं पाणी क्षारांच्या दृष्टीने फार छान, जवळजवळ पावसासारखं. गंमत अशी की मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा त्याची गरज असते, तेव्हा पुण्याची हवा इतकी कोरडी असते की एसी दिवसभर चालूनही बाटलीभर निघत नाही. मेच्या शेवटी दमट व्हायला लागतं तेव्हा बादली भरते आणि तेव्हा पाऊस तोंडावर आलेला असतो.

सॉफ्टनरबद्दल वेगळं सांगायला हवं. नव्या मोठ्या सोसायट्यांमध्ये बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर लावलेला असतो आणि लोक म्हणतात, आमचं पाणी मऊ आहे. सॉफ्टनर क्षार काढत नाही. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम देतो, म्हणून तर त्यात मिठाची पोती ओततात. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. नळावर पांढरे डाग पडत नाहीत, साबणाला फेस येतो, आणि झाडाला सोडियम मिळतं, जे त्याला चुन्यापेक्षा जास्त बाधतं. अशा सोसायटीत टपाच्या काठावर पांढरा थर येणारच नाही आणि तुम्ही क्षारांची शंकाही घेणार नाही. सॉफ्टनरच्या आधीच्या टाकीचं पाणी मिळत असेल तर झाडांना तेच घाला.

आता डास. हा विषय टाळून चालणार नाही, कारण पावसाळ्यात तपासणीला माणसं येतात आणि उघड्या पाण्याचा टप दिसला की नोटीस मिळते, आणि ते बरोबरच आहे. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात. आमच्या शेजारच्या काकांनी हे ऐकून टपात मूठभर खडेमीठ टाकलं होतं, आणखी एकांनी फिनेल. मिठाने अळ्या मेल्या की नाही ठाऊक नाही, झाड मात्र मेलं. टपात मीठ, फिनेल, रॉकेल यातलं काहीही टाकू नका. आठवड्याची धुलाई आणि कोरडा दिवस एकाच वारी ठेवा: टप रिकामा होतो, अळ्या जातात, क्षारही जातात. रिकामा असताना आतली भिंत काथ्याने घासा, कारण या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. शिवाय मातीवर खडीचा थर द्या आणि पाणी नेहमी खडीच्या पृष्ठभागाच्या खाली ठेवा. झाडाला चिखल हवा असतो, वर तळं दिसलंच पाहिजे असं त्याचं काही म्हणणं नाही. गप्पी मासे सोडणारेही आहेत. पण दर आठवड्याला पाणी बदलायचं तर माशांचे हाल होतात, म्हणून माझ्याकडे खडीच.

क्षारांचा बंदोबस्त करूनही झाड नीट दिसत नसेल, तर पुढची कारणं.

नवे कोंबच पिवळट-पांढरे येत असतील आणि जुने हिरवे असतील तर लोह कमी मिळतंय. जड पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) लोह मागितलं की बहुतेक वेळा ईडीटीए प्रकारचं हातात देतात. अल्कधर्मी मातीत ते लवकर निकामी होतं. ईडीडीएचए प्रकारचं मागा, लालसर पूड असते. पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरुवात करा.

छदांवर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि खालच्या बाजूला बारीक जाळी असेल तर लाल कोळी. छत्रीखाली पांढरा कागद धरून झटका, चालणारे ठिपके दिसतील. कोरड्या हवेतलीच ही कीड. पाइपने छत्रीच्या खालच्या बाजूला जोरात पाणी मारा, तीन-चार दिवसांच्या अंतराने काही वेळा. एवढ्याने मला पुरलं.

टोकं जळालेली नसून कातरल्यासारखी, चावलेली दिसत असतील तर घरात मांजर आहे. त्याला इलाज नाही.

आणि टप गच्च भरला असेल तर. दोन-तीन वर्षांत जमिनीतलं आडवं खोड वाढून टपभर होतं, मधला भाग मरतो आणि कडेने कोंब येतात. यात एक छुपी अडचण आहे: जिथे १५ लिटर पाणी मावायचं तिथे सहा-सात लिटरच मावतं, म्हणजे तेवढेच क्षार दुपटीने दाट होतात आणि दुपारपर्यंत टप कोरडाही पडतो. काळा प्लास्टिकचा टप पश्चिमेच्या भिंतीला असेल तर पाणी तापतं ते वेगळंच, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. जूनमध्ये, पहिले दोन-तीन पाऊस झाले की, गोळा काढून करवतीने चार भाग करा. मधला मेलेला भाग फेका, कडेचा एक भाग परत लावा. माती साधी: लाल माती आणि धुतलेली जाड वाळू. कोकोपीट पाण्यावर तरंगतं, आणि नीट धुतलेलं नसेल तर त्यातच क्षार असतात. शेणखत टपात नको, साचलेल्या पाण्यात ते काळं पडून सडक्या अंड्यासारखा वास सोडतं.

एक रोप राखीव ठेवा. निरोगी छत्री देठाच्या दोन बोटं लांबीसकट कापा, काड्या निम्म्या छाटा आणि पेल्यातल्या पाण्यात उलटी बुडवा, देठ वर. दोन-तीन आठवड्यांत छत्रीच्या मधून मुळं आणि कोंब फुटतात. ओढ्याकाठी वाकलेला देठ पाण्यात टेकला की झाड हेच करतं. आमच्या मागच्या ओढ्यातलं गचपण अशाच कुणाच्या तरी छाटणीतून आलेलं असणार. पेल्यातलं पाणी मात्र दोन दिवसांनी बदला, डास तिथेही येतो.

या वर्षी पाडव्याला टपात ७२० होते. जुन्या छत्र्यांची टोकं नखभर तपकिरी आहेत, नव्यांची नाहीत. नेट काढून टाकली. आरओची बादली आता संडासात जाते, पण मी ऑफिसला गेल्यावर एखादा तांब्या टपात पडतो, हे मीटरवरून कळतं. आईला तसं म्हटलं, तर तिने मीटरच ताब्यात घेतला. परवा तो शेजारच्या काकूंच्या अळूच्या टपात बुडवून आली. तिथे अठराशे निघाले.